विशेषणं काढली म्हणून हुतात्मे लहान होत नाहीत

मराठी विकिपीडियावर सोलापूरविषयी लिहिणाऱ्यांची एक तक्रार नेहमी कानी येते. आम्ही तळमळीनं लिहायचं आणि कुणी परगावचा येऊन 'संदर्भ हवा' अशी पाटी लावून जायचा. वर 'तेजस्वी', 'अजरामर' ही विशेषणंही छाटायचा. हा आमच्या हुतात्म्यांचा अवमान नव्हे काय?

नव्हे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. या वाक्याला कसलं विशेषण चिकटवणार? दहावीतलं पोर हे पान उघडतं ते नाव, तारीख, ठिकाण शोधायला. लिहिणाऱ्याचा ऊर भरून आला होता हे कळून त्याला काय उपयोग?

'साऱ्या जगाला ठाऊक आहे, संदर्भ कशाला?' हा पुढचा सवाल. काय ठाऊक आहे? '१९४७ पूर्वी स्वातंत्र्य भोगलेलं देशातलं एकमेव शहर' या वाक्याला भाषणात टाळ्या पडतात. पण १९४२ साली बलिया आणि तामलुक इथं लोकांनी स्वतःचं सरकार मांडलं, साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं. बरं, 'एकमेव' खोडून 'पहिलं' लिहावं, तर पेशावर आडवं येतं. किस्साखानी बाजारात २३ एप्रिल १९३० ला गोळीबार झाला, त्यानंतर तेही काही दिवस इंग्रजांच्या हातून निसटलं होतं. सोलापूर पेटलं ते ५ मेच्या गांधीजींच्या अटकेनंतर. मग उरलं काय? गिरण्यांच्या या गावातला सरकारी अंमल लोकांनी उखडला आणि तो परत बसवायला १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारावा लागला. मला तरी हे त्या दोन्ही दाव्यांपेक्षा वजनदार वाटतं.

तो मोकळा काळ तीन दिवसांचा की चार, यावरही ओढाताण चालते. एकानं 'तीन' करायचं, दुसऱ्यानं रातोरात 'चार'. दिवस मोजण्यापेक्षा तारखा द्याव्यात. आणि बदल जतन करताना सारांशाची चौकट रिकामी सोडू नये. तिथं नुसतं 'दुरुस्ती' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. 'आकडा काढून तारखा दिल्या, आधार अमुक ग्रंथ, अमुक पान' असं लिहिलं, की उलटवू पाहणाऱ्याला आधी तो ग्रंथ उघडावा लागतो.

पाटी लावून पसार होणारेही धुतल्या तांदळासारखे नाहीत, हे मान्य. नेमकं कोणतं विधान खटकलं ते चर्चापानावर दोन ओळींत सांगायला काय जातं? पण जुनी पुस्तकं, वर्तमानपत्रं धुंडाळायला हिराचंद नेमचंद वाचनालयाची पायरी चढणं सोलापूरकरालाच सोपं, परगावच्या संपादकाला नव्हे. ती पाटी फक्त प्रचालकच काढू शकतो, हाही गैरसमजच. ज्यानं आधार दिला, त्यानंच ती खुशाल काढावी.