पन्हाळ्यावरचे गोळे आणि टोपीकरांसाठीचे नियम

१/ परमुलखात जाऊन ठरावीक मुदतीचे काम करणाऱ्याला आज व्हिसा, परवाना, करार, कर अशा अनेक अटी पाळाव्या लागतात. या अटी आधुनिक राष्ट्रांनी निर्माण केल्या, असा समज आहे. कोल्हापूरचा इतिहास वेगळे सांगतो.

२/ १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. शिवाजी महाराज गडावर होते. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन दारूगोळा घेऊन सिद्दीच्या छावणीत दाखल झाला. इंग्रजी निशाण फडकवून गडावर मारा झाला. व्यापारासाठी आलेल्यांनी तोफखान्याचे काम पत्करले होते.

३/ पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर गाठले. वखारीतील इंग्रज कैदेत पडले. उरलेल्यांची सुटका १६६३ मध्ये झाली. ही शिक्षा परकेपणाची नव्हती, मर्यादाभंगाची होती.

४/ हा धडा सुमारे अर्धशतकानंतर लेखी नियमांत दिसतो. करवीरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत, १७१५च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ सिद्ध केले. त्यात टोपीकरांविषयी स्वतंत्र विवेचन आहे. त्यांनी यावे, व्यापार करावा, जावे. वखारीला जागा द्यावीच लागली, तर समुद्रकिनाऱ्यावर किंवा खाडीच्या मुखाशी देऊ नये. आत काही कोसांवर, नामांकित शहराच्या आटोक्यात, सखल ठिकाणी द्यावी. पक्की इमारत बांधू देऊ नये.

५/ यास परकीयद्वेष म्हणणे अन्यायाचे ठरेल. हेच आज्ञापत्र सावकारांना राज्याचे भूषण मानते आणि परद्वीपीच्या व्यापाऱ्यांना आणून वसवावे, असे सांगते. भेद रंगाचा वा धर्माचा नाही. साध्या व्यापाऱ्यामागे केवळ त्याचे भांडवल असते. टोपीकरामागे त्याचा राजा, आरमार आणि तोफा असतात. म्हणून अटीही निराळ्या.

६/ आजचे परवाने याच तीन प्रश्नांची उत्तरे मागतात : काम कोणते, मुदत किती, पाठीशी कोण? तेव्हा अशा अटींकडे केवळ कागदी जाच म्हणून पाहणे उथळपणाचे आहे. त्यांच्यामागे ठेच लागलेल्या समाजाचे शहाणपण असते.

७/ मात्र नियम लिहिणे आणि तो राबवणे यांत मोठे अंतर आहे. १७६५ साली इंग्रजांनी करवीर राज्याच्या ताब्यातील सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. किल्ला पुढे परत मिळाला. पण १८१२च्या तहाने मालवण कायमचे गेले. ज्या किनाऱ्यापासून टोपीकरांना दूर ठेवावे, असे अमात्यांनी बजावले होते, तोच हातचा गेला.

८/ अमात्यांचे निदान अचूक होते. परंतु ते अमलात आणण्यास लागणारे आरमार आणि मराठी सत्तांचे ऐक्य करवीरला लाभले नाही. आज्ञापत्राचा अभिमान बाळगणाऱ्या तरुणांनी त्यातील दूरदृष्टीबरोबर हे अपयशही अभ्यासावे.