पथ्याचं ताट वेगळं का?

परवा रविवारी संध्याकाळी आमच्या घरी कोंबडी झाली, पण शागोती नव्हे. वाटण नाही, खोबरं नाही, मिरची तर अजिबात नाही. ओव्हनमध्ये भाजलेली कोंबडी, तिच्यासोबत बटाटे-गाजरं आणि उकड्या तांदळाचा भात. मेहुणा जेवायला होता. पहिला घास घेऊन म्हणाला, "भावोजी, घरात कोण आजारी आहे?"

सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला. बिनतिखट जेवण म्हटलं की आपल्याला आधी आजारपणच का आठवतं?

आजारी म्हणायचं तर मीच. दोन वर्षांपूर्वी माझं पोट बिनसलं. तपासण्यांत काही सापडलं नाही, डॉक्टरांनी 'आयबीएस' हे नाव दिलं. आतड्यांत जखम नाही, पण ती लगेच कुरकुरतात. तिखट-तेलकट झालं की दुसऱ्या दिवशी कचेरीत फायलीपेक्षा पोटाकडेच लक्ष! तेव्हापासून रविवारी घरच्यांना शागोती आणि मला पेज. बायकोनं ती प्रेमानंच वाढली, तक्रार नाही. पण एकाच टेबलावर बसून आपण वेगळे आहोत, हे मला दर रविवारी कळायचं.

आणि मग आई आठवली. शेवटची काही वर्षं तिला तिखट सोसत नसे. आमची पानं वाढून झाली की ती स्वयंपाकघरात बसून पेज आणि उकडलेली भाजी खायची. "तुम्ही जेवा, माझं वेगळं आहे," म्हणायची, आणि आम्ही जेवायचो. डॉक्टरांनी तिला मिरची सोडायला सांगितली होती, कोंबडी नव्हे. पण मिरचीशिवायची कोंबडी आमच्या घरात कुणाला सुचलीच नाही. मलाही नाही. स्वतःचं पोट बिघडेपर्यंत नाही.

"तिखटाशिवाय कसलं गोंयकाराचं जेवण?" असं आपण मोठ्या अभिमानानं म्हणतो. अहो, ती मिरची मुळात अमेरिका खंडातली! पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, त्यानंतर त्यांच्या जहाजांतून ती इथं आली. त्याआधीचे आपले पूर्वज मिरीवर जेवत होते. आणि शेतात राबणारा माणूस सकाळी दहा-अकराला जी पेज प्यायचा, ती काही आजारी म्हणून नव्हे. साधं जेवणही आपलंच आहे.

आता कोंबडीचं सांगतो. किलोभर तंगड्या घ्या, साल काढलेल्या. चरबी जितकी कमी, तितकं पोटाला बरं. मीठ, पाव चमचा हळद, अर्ध्या लिंबाचा रस आणि चमचाभर आल्याचा रस लावून तासभर फ्रीजमध्ये ठेवा.

लसणीची एक गंमत आहे. कांदा, लसूण आणि गव्हात फ्रुक्टन नावाची शर्करा असते. ती आतड्यात आंबून वायू धरतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठानं अशा रुग्णांच्या आहारावर बरंच काम केलं आहे. हे फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून तीन चमचे तेलात सात-आठ पाकळ्या मंद आचेवर सोनेरी करायच्या आणि काढून टाकायच्या. स्वाद तेलात राहतो, त्रास पाकळीबरोबर जातो. मात्र हे तेल त्याच वेळी वापरा, साठवून ठेवू नका.

ट्रेमध्ये बटाट्याचे जाड काप आणि गाजरं पसरा, वर तंगड्या ठेवा, तेल ओता. ओव्हन आधी 180 अंशांवर गरम करून घ्या. अर्धा तास फॉइलनं झाकून, मग पंधरा-वीस मिनिटं उघडं. हाडाजवळ टोचल्यावर गुलाबी पाणी येता कामा नये. थर्मामीटर असल्यास आत 74 अंश हवेत. खाली सुटलेला रस भातावर घ्यायचा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या टोपात झाकण ठेवून मंद आचेवर करा. रंग कमी येईल, चव येते.

माझ्या पोटाला हे मानवतं, म्हणून तुमच्या पोटालाही मानवेल असं नाही. आणि वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर कोंबडी बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

शागोती सोडा असं मी म्हणत नाही. माझ्या मुलांनी ती मिटक्या मारत खावी. पण पथ्य करणाऱ्या माणसाचं जेवण आठवड्यातून एकदा तरी सगळ्या घरानं जेवावं, एवढंच माझं म्हणणं. त्याला वेगळं शिजवून देणं ही सोय झाली, सोबत नव्हे.

मेहुण्यानं त्या रात्री दुसऱ्यांदा भात घेतला. जाताना बायकोला म्हणाला, "ताई, पपांना हल्ली जळजळ होते. हे त्यांना चालेल का गं?"

पुढच्या रविवारी सासरे आमच्याकडे जेवायला येत आहेत.