आजीचे फोटो भाड्याच्या घरात

क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजने नवे फोटो अमर्याद फुकट ठेवणं बंद केलं, तेव्हाच कळायला हवं होतं की घरमालक कोण.

पेणला आमच्या कपाटावर छोट्या रॅकमध्ये दोन जुने मिनी पीसी आहेत. प्रत्येकी १० वॅट धरा. महिन्याला १५ युनिटही जळत नाहीत. वीज गेली तर? सर्व्हर बंद पडतो, फोटो पुसले जात नाहीत. डिस्क गेली, पाणी शिरलं तर? म्हणून दुसरी प्रत रोह्याला, मामाकडे.

पेणच्या मूर्ती गावोगाव जातात, साचे कारखान्यात राहतात. गावात इंजिनिअर पैशाला पासरी. मग आजीचे फोटोच भाडेकरू का?