सुटीचा आठवडा आणि शेअरबाजार

शेअरांत पैसा गुंतविणाऱ्या गृहस्थास डिसेंबरअखेर सुटी मिळते, पण विश्रांति मिळते असें दिसत नाहीं. मुलें-नातवंडें जमलेलीं असतात, पंगत बसलेली असते, आणि कर्त्या पुरुषाची दृष्टि हातांतील मोबाईलवर! संस्कृतांत ‘क्षण’ या शब्दाचा अर्थ पळभर काळ असा आहे, तसाच उत्सव असाही आहे. येथें पहिल्याच्या पायीं दुसरा बुडतो. मात्र हा नुसता लोभ नव्हे. म्हातारपणची पुंजी तेथें असल्यावर जीव टांगणीस लागावयाचाच.

दिवाळींत ही अडचण फारशी पडत नाहीं. लक्ष्मीपूजनास मुंबईचा शेअरबाजार एरव्हीं बंद राहून मुहूर्तापुरता सुमारें एक तास उघडतो. २०२५ सालीं तो दुपारीं पावणेदोन ते पावणेतीन उघडा होता. हौसेनें चार शेअर घ्यावे आणि फराळास बसावें. नाताळांत तशी सोय नाहीं. २५ डिसेंबर सोडला तर मुंबईचें कामकाज नेहमींप्रमाणें चालतें, १ जानेवारीसही चालतें. परदेशांतील मोठे व्यापारी मात्र बहुधा रजेवर असतात, आणि गिऱ्हाईक थोडें असलें कीं थोड्या विक्रीनेंही भाव कोसळतो.

२०१८ सालीं २४ डिसेंबरला न्यूयॉर्कचा बाजार अर्धाच दिवस उघडा होता. तेवढ्यांत डाऊ जोन्स निर्देशांक ६५३ अंकांनीं घसरला. २५ ला सुटी. २६ ला तोच निर्देशांक १,०८६ अंकांनीं चढला. एका दिवसांत हजारावर अंकांची वाढ तेव्हां प्रथमच झाली. घाबरून २४ ला विकणाऱ्याचा नाताळ कसा गेला असेल, हें वाचकांनींच ताडावें. ज्यानें भाव पाहिलाच नाहीं, त्याचें कांहीं बिघडलें नाहीं. प्रत्येक घसरण अशी लागलीच भरून निघते, असें मात्र कोणीं समजूं नये.

शिवाय ही बेफिकिरी सर्वांस परवडणारी नाहीं. उसन्या पैशावर व्यवहार करणाऱ्याकडे भाव पडतांच दलाल जादा रक्कम मागतो, आणि ती न आल्यास शेअर विकून मोकळा होतो. सणवार तो पाहत नाहीं. असा व्यवहार गृहस्थानें करूंच नये, असें आमचें मत आहे. जानेवारींत मुलीची फी भरावयाची रक्कम शेअरांत असेल, तर ती नाताळाआधींच बँकेंत आणावी. विक्रीनंतर पैसे हातीं येण्यास कामकाजाचा एक दिवस लागतो. मध्यें सुटी आली कीं तितकें लांबतें. नाताळच्या आदल्या दिवशीं विकलें, तर पैसे २६ तारखेपूर्वीं येत नाहींत, आणि २६ ला शनिवार असल्यास थेट सोमवारीं.