चाळिशी लागली, पण मिळाली कोठे?

मराठीत वयाच्या एका टप्प्याला आणि त्या टप्प्यावर नाकावर येऊन बसणाऱ्या चष्म्याला एकच शब्द आहे: चाळिशी. चाळिसावे वर्ष उलटले की चष्मा येणारच, असे भाषेने गृहीत धरलेले दिसते. नागपूरच्या कचेरीतील कारकुनाच्या किंवा पुण्याच्या शाळामास्तराच्या बाबतीत ते खरेही आहे. गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा आणि कोरचीच्या जंगलपट्ट्यात मात्र वय वेळेवर येते आणि चष्मा मागे राहतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दृष्टिदोष सुधारणाऱ्या चष्म्यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे योग्यच झाले. परंतु करातील सवलत दुकानापर्यंत पोचलेल्या गिऱ्हाइकाला मिळते. आपल्याला चष्म्याची गरज आहे हेच ज्याला कोणी सांगितलेले नाही, त्याला कराचा दर कितीही असला तरी सारखाच.

भिंगांच्या विद्येने गेल्या काही वर्षांत जी मजल मारली आहे ती थक्क करणारी आहे. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेच्या कॅमेऱ्यात दीड मीटरहून अधिक व्यासाचे भिंग बसविलेले असून जून २०२५ मध्ये त्याची पहिली छायाचित्रे जगापुढे आली. काचेची फुगीर चकती सोडून, अतिसूक्ष्म खांबांच्या रांगांनी प्रकाश वळविणारे सपाट भिंग हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये तयार केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला युरोपातील प्रयोग तर कालपर्यंत कादंबरीत शोभला असता. वार्धक्याने ज्यांच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग निकामी झाला होता, अशा ३८ रुग्णांच्या डोळ्यात दोन मिलिमीटरची चकती बसविण्यात आली. चष्म्यावरील कॅमेरा समोरचे दृश्य अवरक्त किरणांनी त्या चकतीवर टाकतो. वर्षभर पाठपुरावा झालेल्या ३२ जणांपैकी २६ जणांच्या दृष्टीत लक्षणीय सुधारणा आढळली.

ही प्रगती आपल्या जंगलातही पोचलेली आहे. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावले गेले आणि त्यांनी सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रे टिपली. जनावराच्या देहाची ऊब जाणवताच हे यंत्र जागे होते, आणि अंगावरील पट्ट्यांच्या नक्षीवरून कोणता वाघ कोणता हे ठरते. वडसा वनविभागात ऑक्टोबर २०२२ मध्ये जेरबंद झालेल्या ‘सीटी-१’ या वाघाने १३ माणसे मारली होती. त्यामुळे या कॅमेऱ्यांना कोणी शहाणा माणूस चैन म्हणणार नाही. कोणत्या पाऊलवाटेवर वाघ आहे हे कळणे हा येथे जिवाचा प्रश्न आहे. आमचा रोख यंत्रावर नाही. अंधारात वाघाचा पट्टा ओळखणारे भिंग जेथे पोचते, तेथे हातातील पानावरचे छिद्र दाखविणारे भिंग का पोचू नये, एवढाच आमचा प्रश्न आहे.

पानाचा उल्लेख सहज केलेला नाही. उन्हाळ्यातील तेंदूपत्त्याचा हंगाम ही या भागातील रोख मिळकतीची मोठी संधी. पहाटे जंगलात जाऊन पाने तोडावयाची, घरी आणून फाटकी, किडकी, छिद्र पडलेली पाने वेगळी काढावयाची, ७० पानांचा एक पुडा बांधावयाचा आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर मोजून द्यावयाचा. निवडणे, मोजणे, बांधणे ही सारी हातभर अंतरावरची कामे आहेत. मोहफुले वेचताना किंवा तांदूळ निवडताना तेच. चाळिशीनंतर डोळ्यातील नैसर्गिक भिंग कडक होऊ लागते, जवळचे पाहण्यासाठी त्याला फुगता येत नाही आणि नेमके हेच अंतर धूसर होते. उपाय म्हणजे एक ते तीन नंबरची साधी बहिर्गोल काच, जी बाजारात शेदोनशे रुपयांत मिळते. इटलीत ती तेराव्या शतकाच्या अखेरीस वापरात आली. म्हणजे आपण सातशे वर्षे जुन्या शोधाविषयी बोलत आहोत.

या काचेने नेमका किती फरक पडतो, याचे मोजमाप झालेले आहे. आसामच्या चहामळ्यांतील चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवरील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना जवळचा चष्मा दिला, त्यांची पानतोडणी न दिलेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. बांगलादेशातील ग्रामीण भागात झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात चष्मा मिळालेल्यांचे उत्पन्न सुमारे एकतृतीयांशाने अधिक भरले. चहाचे पान आणि तेंदूचे पान यांत फरक आहे हे मान्य. पण ते निरखणारा डोळा एकच आहे.

मग हे झाले का नाही? पैसा नव्हता, हे उत्तर पटत नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि मोतीबिंदूच्या बाबतीत त्याने केलेले काम लहान नाही. त्या कामामागेही एका भिंगाचीच कथा आहे. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या काचछताचे कण डोळ्याने निमूटपणे सहन केले, हे पाहून हॅरल्ड रिडले या इंग्रज शल्यचिकित्सकाने १९४९ मध्ये लंडनमध्ये त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसविले. समव्यवसायींनी त्याची वर्षानुवर्षे हेटाळणी केली. पुढे १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या परिवारातील ऑरोलॅबने ही भिंगे आयात मालाच्या अल्पांश किमतीत बनविण्यास आरंभ केला, आणि श्रीमंतांची शस्त्रक्रिया शिबिरातील म्हातारीपर्यंत आली. महाराष्ट्रात डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्यांनी ती गावोगाव नेली. तेव्हा नवी विद्या गरिबाच्या दारी पोचतच नाही, असे म्हणणे खोटे ठरेल.

आमच्या मते खरे कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. सरकारी सर्वेक्षणांत अंधत्व ठरते ते दूरच्या अक्षरतक्त्यावर. ज्याला वीस फुटांवरील खूण दिसते तो डोळस. त्याला सुईत दोरा ओवता येतो की नाही, हे विचारण्याची रीतच नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाने जवळची दृष्टी हिशेबात घेतली, तेव्हा ८२ कोटींहून अधिक माणसे केवळ चाळिशीच्या चष्म्याअभावी अडलेली आहेत असे दिसून आले. वृद्धांना जवळचे चष्मे मोफत देण्याची सोय राष्ट्रीय कार्यक्रमात पुढे झाली आहे. पण शाळेतील मुलांना हजेरीपट असतो, वर्ग असतो, गुरुजी असतात. जंगलात पांगलेल्या पन्नाशीच्या बाईला यांतले काहीच नसते. तिला गाठावयाचे कोठे?

यावर नेत्रतज्ज्ञांचा एक आक्षेप ठरलेला आहे: तयार चष्मे सरसकट वाटले तर काचबिंदू, मधुमेहाचे विकार दडून राहतील. आक्षेप पोकळ नाही. जवळचा चष्मा देणाऱ्याने आधी दूरचे दिसते की नाही हे तपासावे आणि दिसत नसेल त्याला कुरखेड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवावे, हे बंधन असलेच पाहिजे. पण ही चाळणी एक आशा कार्यकर्ती दोन तक्त्यांनिशी लावू शकते. आज त्या बाईची तपासणी होते आणि चष्म्यामुळे ती टळेल, अशी परिस्थिती असती तर आक्षेपाला अधिक वजन आले असते.

गाठण्याची जागाही आयती आहे. तेंदूच्या हंगामात गावातील बहुतेक घरे संकलन केंद्रावर येतात. वनहक्क कायदा आणि पेसा यांच्या आधारे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा आता पानांचा लिलाव स्वतः करतात, मजुरी स्वतः वाटतात, वह्या स्वतः ठेवतात. शेजारच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून या वाटेचा आरंभ केला. या वह्या तपासण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला आहे. ज्याला अक्षर ओळखता येते पण दिसत नाही, तो दिवाणजीने सांगितलेला आकडा ऐकतो आणि दाखविलेल्या जागी अंगठा उठवितो. त्याला निरक्षरांत मोजले जाते ते वेगळेच. हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत दोन तक्ते आणि वेगवेगळ्या नंबरांच्या चष्म्यांची एक पेटी ठेवण्याचा ठराव करावयास कोणत्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही. चष्मे मात्र जिल्हा आरोग्य यंत्रणेने पुरवावेत, आणि ते एप्रिल संपण्यापूर्वी पुरवावेत.