पाइपमध्ये गळालेली माणसे

‘स्क्रिप्ट चालली, चूक दाखवली नाही, म्हणजे यादी बरोबर.’ लाभार्थ्यांच्या याद्यांवर काम करणाऱ्या तरुणांकडून हे वाक्य मी वारंवार ऐकतो. मला ते मान्य नाही.

आज्ञेला आज्ञा जोडायची, एकीचे उत्तर दुसरीच्या हाती द्यायचे, ही कल्पना डग मॅकइलरॉय यांनी 1964मध्ये बेल लॅब्समध्ये मांडली. 1973मध्ये केन थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये आणली. सोय उत्तमच आहे. माझे भांडण तिच्या वापराशी आहे.

बॅशमध्ये पाइपलाइनचे यशापयश शेवटच्या आज्ञेवरून ठरते. पहिल्या आज्ञेला फाइलच सापडली नाही, तरी शेवटचे ‘सॉर्ट’ रिकामी यादी लावून ‘यशस्वी’ म्हणते. चुकांचे संदेश वेगळ्या वाटेने बाहेर येतात. आपले हुशार लोक तेही ‘डेव्ह-नल’मध्ये फेकतात. वर ‘युनिक’ लावून सारख्या ओळी उडवतात. गडचिरोलीत एकाच नावाचे दोन मडावी आणि चंद्रपुरात एकाच नावाचे दोन शेख सहज सापडतील. ओळीत फक्त नाव असेल, तर ‘युनिक’च्या लेखी ते एकच. एकाचे नाव कटले आणि कुणाला पत्ताही लागला नाही!

2006च्या वनहक्क कायद्यातला दावाही ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती अशा टप्प्यांतून जातो. मेंढा-लेखाला 2009मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो याच वाटेने. पण हा कायदा गळालेल्यालाही विचारतो: दावा नाकारला तर कारण कळवा, दाद मागायला 60 दिवस द्या. सर्वोच्च न्यायालयाने 13 फेब्रुवारी 2019 रोजी दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला. 28 फेब्रुवारीला त्यालाच स्थगिती देऊन, दावे कोणत्या प्रक्रियेने फेटाळले ते सांगा, असे राज्यांना बजावले. म्हणजे शेवटचा आकडा पुरला नाही. मधले टप्पे मागावे लागले.

स्क्रिप्टलाही हाच नियम लावा. ‘पाइपफेल’ चालू करा, म्हणजे मधले अपयश लपणार नाही. चुका फाइलमध्ये साठवा. आत किती ओळी गेल्या, बाहेर किती आल्या, ते मोजा. दुबार नोंद नावावरून नव्हे, दाव्याच्या क्रमांकावरून ठरवा. आणि गळालेल्यांची यादी कारणासह ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

ज्याला हे जड वाटते, त्याने माणसांच्या याद्यांना हात लावू नये.