काडी लावण्याआधी वाढ्याकडे बघा



हंगामात गटात फिरताना एक गोष्ट दर वर्षी डोळ्याला खुपते. तोड संपली की फडाला काडी लागते. पाचटाबरोबर मागे राहिलेले हिरवे वाढेही जळते. तोच सभासद मे महिन्यात भेटला की म्हणतो, "साहेब, वैरण मिळंना, गाय विकावी म्हणतोय." डिसेंबरात जाळायचे आणि मेमध्ये विकत घ्यायचे, हा कुठला हिशोब?

माणसाला वाढे खाता येत नाही. गाय-म्हैस खाते आणि पोराबाळांच्या वाटीत दूध येते. म्हणून वाढे जाळणे म्हणजे, माझ्या मते, अन्नच जाळणे.

कोणी म्हणेल, वाढे टोळीचे. खरे आहे. त्यांची बैले त्यावर जगतात, उरलेले विकून चार पैसे सुटतात. त्यांचा हक्क मारू नका. उरलेले वाढे योग्य दाम देऊन घ्या. कुट्टी करा, खड्ड्यात दाबून भरा, हवा राहू देऊ नका. दीड-दोन महिन्यांत मुरघास तयार होतो, तो उन्हाळ्यात कामी येतो. मग चाऱ्यात अडकलेल्या चार गुंठ्यांत घरापुरता हरभरा, भुईमूग घेता येईल.

मात्र नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नका. वाढ्यातील ऑक्झॅलेट अंगातला कॅल्शियम बांधून ठेवते. आमच्या घरची गाय व्याल्यावर उठेना, तेव्हा हे मला नीट उमगले. पदविका खिशात असून! चुन्याची निवळी शिंपडा, खनिज मिश्रण द्या, जोडीला कडबा व लसूणघास घाला.

राहिले पाचट. हेक्टरी 8 ते 10 टन निघते. ते सरीत दाबून टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट व 1 किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाका. खोडव्याची ओल टिकते, जमिनीला खत मिळते.

कारखान्याने गटवार कुट्टी यंत्रे माफक भाड्याने द्यावीत, असे माझे स्वतःचे मत आहे. वार्षिक सभेत हा विषय तुम्ही काढा. साखरेचा भाव आपल्या हातात नाही. काडीपेटी मात्र आपल्याच खिशात आहे.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी